बिनदुधाच्या चुंबळी

"आधी हे खा, मग ते खा," रंगराव पैलवान म्हणाला. "मधे पाणी पी. घाई न्हाई बायाक्का, तू म्हणशील ते मी खाणार."

त्यानं स्टीलची ताटली माझ्यापुढं धरली होती. ताटलीत दोन डोनट. हंड्याखाली डोक्यावर चुंबळ ठेवतात ना, तसं दिसणारं ते मैद्याचं खाणं. एक गुळाच्या रंगाचं, दुसऱ्यावर काळं चॉकलेट. रविवारची सकाळ, साडेआठ वाजले असतील. धारा काढून झाल्या होत्या. माझी म्हैस मोरणी दूधकट्ट्यावर रवंथ करत उभी होती आणि तिच्याभोवती अर्धी गल्ली जमली होती.

ताटलीच्या एका बाजूला आण्णाप्पा मगदूम, दुसऱ्या बाजूला भूपाल चौगुले. गल्लीतल्या समोरासमोरच्या दोन बेकऱ्यांचे हे मालक. नात्यानं साडू, पण एकमेकांचं दुकान उघडलेलं दोघांना बघवत नसे.

माझा हात ताटलीकडं जाईना. कारण फक्त मला माहीत होतं. आठ महिन्यांपूर्वी पावसाळ्यात मला ताप आला होता, आणि जाताना तो माझ्या जिभेची चव घेऊन गेला होता. नाकही त्याच्याबरोबर गेलं. मिरचीचा ठेचा खाल्ला तर तोंड भाजायचं, पण ठेचा आहे की राख आहे ते कळत नव्हतं.

आता यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण माझी कोल्हापुरातली सगळी ओळखच त्या जिभेवर होती. आमच्या कट्ट्यावर म्हैस गिऱ्हाइकासमोर पिळतात आणि फेसाळलेलं दूध तिथंच ग्लासात देतात. बाकीच्यांच्या चार-चार म्हशी होत्या, माझी एकच. तरी आसपासच्या गावांतून कॅन घेऊन येणारे गवळी आधी माझ्यापुढं थांबायचे. मी करंगळी बुडवून जिभेला लावायची आणि सांगायची, यात पाणी आहे, यात शेळीचं मिसळलंय, या म्हशीनं काल कडबा खाल्लाय, हिनं उसाचं वाडं खाल्लंय. चाळीस वर्षांत माझा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता.

जीभ गेली तरी मी ते काम सोडलं नाही. थेंब नखावर घेऊन बघायची, बोटांनी चोळून बघायची, आणि सगळ्यांत जास्त माणसाचं तोंड बघायची. दुधात पाणी घातलेला माणूस कॅनकडं बघत नाही, तो तुमच्याकडं बघतो. आठ महिने तसंच निभावलं. पण डोनटला कुठला आला फेस आणि कुठली आली धार?

हे डोनट आमच्या गल्लीत आले ते गावाबाहेरच्या योगकेंद्रामुळं. तिथली माणसं दूध, दही, तूप, अंडं, काहीच खात नसत. त्यांनी आण्णाप्पाला विचारलं आणि त्यानं शेंगदाण्याचं दूध काढून डोनट केले. आठवड्याच्या आत समोर भूपालनं नारळाच्या दुधाचे केले. मग आण्णाप्पाच्या दुकानावर पाटी लागली. मी तेव्हा नुकतीच अक्षरं ओळखायला शिकले होते, वय चौसष्ट. माझी सून शैला मला दिवाळीपासून शिकवत होती. मी गल्लीत उभी राहून एकेक अक्षर लावत वाचलं, 'व्हीगन डोनट. दूध नाही. अंडे नाही.' मागं वळले तर भूपालची पाटी, 'अस्सल व्हीगन डोनट. दूध नाही. अंडे नाही. पावडरही नाही.' दुसऱ्या दिवशी आण्णाप्पानं आपल्या पाटीवर 'शपथेवर' असं वाढवलं.

गल्लीतल्या लोकांना दूध घातलंय का नाही याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. देणंघेणं होतं ते एकट्या रंगराव पैलवानाला.

रंगराव म्हणजे ऐन उमेदीत रोज चार लिटर दूध पिणारा माणूस, आमच्या तालमीचा वस्ताद. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात त्यानं बासुंदी खाल्ली आणि त्याचे ओठ वांग्यासारखे सुजले. गळा बंद व्हायला आला, तीन दिवस दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, दूध तुम्हाला चालत नाही, यापुढं थेंबही नको. कोल्हापूरच्या पैलवानाला दूध चालत नाही, हे ऐकून तालमीतली पोरं तोंड लपवून हसली. तेव्हापासून बिचाऱ्यानं पेढा नाही की बर्फी नाही, काही गोड तोंडात टाकलं नव्हतं. आता त्याची एकसष्टी आली होती. तालमीनं ठरवलं की पेढ्यांऐवजी बिनदुधाचे डोनट वाटायचे. म्हणजे वस्तादालाही खाता येतील.

"पण कुणाचे?" मी विचारलं होतं.

"तेच तर," पैलवान म्हणाला. "आण्णाप्पा म्हणतोय भूपाल पावडर घालतो. भूपाल म्हणतोय आण्णाप्पा साय घालतो. दोघं माझ्याच हाताखाली तालमीत आले, कुणाला खोटं म्हणू? तू चाख. तुझ्या जिभेवर माझा जीव ठेवतो."

तो हे सहज म्हणाला. मला त्या रात्री झोप लागली नाही.

चाखायच्या आदल्या संध्याकाळी आण्णाप्पा खोका घेऊन घरी आला.

"बायाक्का, नमुना आणलाय. उद्याच्या आधी ओळख झालेली बरी."

"ओळख कुणाशी, डोनटशी?"

"चवीशी हो. माझं काम कसं चोख असतंय, तुम्हाला माहीत हाय. भूपालकडं पावडरीची पोती येतात, मी ह्या डोळ्यांनी बघितलीत."

तो पुढच्या दारानं गेला आणि भूपाल मागच्या दारानं आला. त्याच्याही हातात खोका.

"आमचे साडू येऊन गेले वाटतं," तो म्हणाला. "पोती म्हणाले असतील. ती मैद्याची पोती हायत, बायाक्का. आणि त्यांच्या दुकानात रोज सकाळी दुधाची किटली जाते, ती कशाला जाते विचारा."

"चहाला जात असेल."

"एवढा चहा कोण पितं?"

शैलानं दोन्ही खोके उघडले, दोन्हींतला एकेक तुकडा खाल्ला आणि माझ्याकडं बघत राहिली. "तुम्ही नाही खाल्लं, आत्या?"

"उद्या खायचंच आहे की."

"मग उद्या मी पण येते कट्ट्यावर. मला पण एकेक तुकडा द्या म्हणावं. दोघी मिळून चाखू."

मला वाटलं, पोरीला गोडाची हाव सुटली. मी म्हटलं, "चाखायचं काम माझं आहे, तू गप घरी बस." तरी ती आलीच. माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती आणि ताटली पुढं आल्याबरोबर तिनं हात घातला. मी तिच्या हातावर चापट मारली. लोक हसले.

"सूनबाईला भूक लागलीया," कुणीतरी म्हणालं.

मग मला दुसरा रस्ता राहिला नाही. मी गुळाच्या रंगाचा डोनट मोडला आणि तोंडात टाकला. चावला. पोत्याचा तुकडा चावल्यासारखं वाटलं. पाणी प्यायले. दुसरा मोडला, चावला. तेच पोतं, नुसतं जरा मऊ.

मनात ठरवून आले होते की दोन्ही चोख आहेत असं ठोकून द्यायचं. तोंड उघडलं आणि समोर पैलवानाची मान दिसली. झाडाच्या बुंध्यासारखी मान. दवाखान्यात याच मानेत नळ्या घातलेल्या मी बघितल्या होत्या. तो लहान पोरासारखा माझ्या तोंडाकडं बघत होता, एका हातात रुमाल घेऊन, खाल्ल्यावर तोंड पुसायला.

माझं तोंड मिटलं. खरं बोलायचं धाडस नव्हतं आणि खोटं बोलवत नव्हतं. नजर कुठंतरी ठेवायची म्हणून मी ती आण्णाप्पावर ठेवली आणि तशीच उभी राहिले. मोरणीनं शेपटी दोनदा हलवली.

आण्णाप्पाच्या कपाळावर घाम आला. त्यानं टोपी काढली, परत घातली.

"एक थेंब होता बायाक्का," तो एकदम म्हणाला. "एकच थेंब."

"कसला?" पैलवान म्हणाला.

"तुपाचा. पण मी न्हाई टाकला, देवाशपथ. डोनट एकदम चोख होता. सकाळी ताटलीत काढून ठेवला तर सासूबाईंनी वरनं तुपाचा थेंब सोडला. मी बघितलं. दुसरा करायला वेळ नव्हता. म्हटलं एका थेंबाचं काय कळतंय."

गल्लीत आवाज उठला. भूपाल चौगुलेनं मांडीवर थाप मारली आणि एवढा हसला की त्याला ठसका लागला. "शपथेवर," तो म्हणाला. "पाटीवर लिहिलंय, शपथेवर."

त्याच्या हसण्यानं माझी नजर आपोआप त्याच्याकडं वळली. मी नुसतं बघत राहिले.

भूपालचं हसू कमी कमी होत गेलं. मग थांबलं.

"सासूबाई," तो हळू आवाजात म्हणाला, "तिथनं निघून माझ्याकडंच आल्या होत्या."

या दोघांच्या सासूबाई म्हणजे सुगंधामावशी. ऐंशी वर्षांची म्हातारी, दोन्ही लेकी याच गल्लीत दिलेल्या, पंधरा दिवस इकडं आणि पंधरा दिवस तिकडं राहायची. ती मागं औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती. मांडीवर पितळेची छोटी तुपाची वाटी, वर झाकण. सगळी गल्ली तिच्याकडं वळली.

"मावशी," पैलवान म्हणाला, "तूप टाकलंस?"

"टाकलं की."

"अगं पण का?"

"म्हणजे काय रे?" मावशी म्हणाली. "पानात वाढल्यावर अन्नशुद्धी नको? चार माणसांत पदार्थ द्यायचा, तो काय कोरडा द्यायचा? माझ्या लेकींच्या घरनं कोरडं ताट कधी बाहेर पडलंय का, विचार जा."

"आई, पाटीवर लिहिलंय की तूप नाही म्हणून," भूपाल म्हणाला.

"पाटीवर टाकलं नव्हतं. डोनटवर टाकलं."

तेवढ्यात सगळ्यांना दुसरीच गोष्ट सुचली, ती माझ्या मुळावर आली. एकजण म्हणाला, "म्हणजे बायाक्कानं एक थेंब तूप ओळखलं?" दुसरा म्हणाला, "ते पण चॉकलेटवरचं." तिसऱ्यानं माझ्या पायाला हात लावला. कॅनवाले गवळी मागं सरकून उभे राहिले, बहुतेक जुन्या पापांची आठवण होऊन. पैलवानानं दोन्ही साडूंना दुकानात पिटाळलं. "वीस मिनिटांत नवीन तळून आणा. मावशीची वाटी माझ्याकडं द्या. बायाक्का परत चाखेल. ही जीभ हाय तोवर मला कसलीच भीती न्हाई."

वीस मिनिटं मी मोरणीच्या पाठीला हात लावून उभी होते. शैला जवळ आली, म्हणाली, "आत्या, या खेपेला मला चाखू द्या."

"का?"

"असंच."

मी तिच्याकडं बघितलं नाही. मी बघत होते कट्ट्याशेजारच्या तालमीच्या भिंतीवरच्या फळ्याकडं. त्यावर कुस्त्यांच्या तारखा आणि कुणाच्या बारशाला दूध फुकट आहे ते खडूनं लिहिलेलं असायचं. तोंडानं सांगायला गेले तर माझा आवाज फुटणार नव्हता, हे मला पक्कं कळलं होतं. मी गेले आणि पदरानं फळ्याचा एक कोपरा पुसला.

घराबाहेर मी तोवर कुठं अक्षर काढलं नव्हतं. खडू दोनदा मोडला. मागं लोक गोळा झाले. कुणाला वाटलं निकाल लिहितेय. लिहून झाल्यावर मी बाजूला झाले, तोवर आण्णाप्पा आणि भूपाल ताजे डोनट घेऊन आले होते. भूपालनं मोठ्यानं वाचलं.

"बायाक्काला चव कळत नाही. आठ महिने झाले. डोनट दुसऱ्याने खावा."

मोरणी तेवढी रवंथ करत होती.

"मग तूप कसं कळलं?" पैलवानानं विचारलं.

"कळलं नाही."

"मग गप का उभी होतीस?"

"भिऊन."

आधी पैलवानाचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग तो कट्ट्याच्या कठड्यावर बसून एवढा हसला की मोरणी दचकून दोन पावलं सरकली.

"आण्णाप्पा," तो डोळे पुसत म्हणाला, "तू एका भ्यालेल्या म्हातारीला भिऊन कबुली दिलीस."

"तुम्ही बघितलं न्हाई ती कशी बघत होती," आण्णाप्पा म्हणाला.

हसणं ओसरल्यावर पैलवान उठून माझ्याजवळ आला. आवाज खाली करून म्हणाला, "बायाक्का, मी पण एक सांगू? दवाखान्यातनं आल्यावर दोन वर्षं तुझ्याकडनं रोज तांब्याभर दूध नेतो. बायकोला म्हणून. तिला दुधाचा वास चालत न्हाई. तुला वाईट वाटंल म्हणून बंद केलं न्हाई."

"मग ते दूध जातं कुठं?"

त्यानं तालमीच्या दाराकडं मान केली. दारात तालमीचं कुत्रं आडवं पडलं होतं. ते गेल्या दोन वर्षांत एवढं जाड झालं होतं की मांजर समोरून गेलं तरी नुसता डोळा उघडायचं. गल्लीत सगळे म्हणायचे, वस्तादानं त्याला मेहनत घ्यायला लावली पाहिजे.

तेवढ्यात शैलानं दोन्ही ताज्या डोनटचा एकेक घास खाल्लेला होता. "दोन्हींत दुधातुपाचं काही नाही," ती म्हणाली. "एक शेंगदाण्याचा, एक नारळाचा." तळताना भट्टीपाशी तालमीतली पोरं राखणीला उभी होतीच. पैलवानानं आधी नखाएवढा तुकडा खाल्ला, आणि तालमीतली पोरं रिक्षा चालू ठेवून उभी राहिली. अर्धा तास सगळी गल्ली एका माणसाच्या ओठांकडं बघत बसली. कुणी म्हणायचं, वरचा जाड दिसतोय. कुणी म्हणायचं, तो पहिल्यापासनं तसाच हाय. सुगंधामावशीनं पायरीवरून विचारलं, "कोरडं लागत असंल ना रे?"

ओठ होते तेवढेच राहिले. मग पैलवानानं उरलेला डोनट तोंडात घातला. डोळे मिटून चावत होता. दोन वर्षांनी गोड खात होता तो. रुमाल हातात तसाच राहिला, तोंड पुसलंच नाही.

"कुणाचा चांगला?" दोन्ही साडूंनी एकदम विचारलं.

"बायाक्का सांगंल."

"मला चव कळत नाही, लिहिलंय की वर."

"हात तर हायत ना?"

मी दोन्ही डोनट दाबून बघितले. आण्णाप्पाचा दाबला की दाबलेलाच राहायचा, ओल्या गोवरीसारखा. भूपालचा परत वर यायचा, पण तेलानं बोटं चकाकली. मी तसं सांगितलं. आण्णाप्पानं पीठ जास्त वेळ फुगू द्यावं, भूपालनं तेल नीट तापवावं. दोघांनाही राग आला आणि दोघांनीही तसं केलं. एकसष्टीला निम्मे इकडचे, निम्मे तिकडचे वाटले. सुगंधामावशीला त्या दिवशी तालमीच्या आतल्या खोलीत, वाटीशिवाय, मानाच्या खुर्चीवर बसवलं होतं.

कॅनवाले गवळी दुसऱ्या दिवशीही माझ्यापुढंच थांबले. मी म्हटलं, फळा वाचला नाही का? तर एकजण म्हणाला, "वाचला. पण तू बघतीस तेच पुरं हाय."

त्या रविवारी घरी आल्यावर मी चहा ठेवला. पहाटेचा आणि दुपारचा चहा मीच करायची. फळीवरून साखरेचा डबा काढला आणि हात थांबला. डब्यावर कागद चिकटवलेला होता, शैलाच्या मोठ्या अक्षरात, 'साखर'. शेजारच्या तशाच डब्यावर 'मीठ'. माझी अक्षरओळख याच डब्यांपासून सुरू झाली होती. बाकीची माणसं शिकायला लागली की पाटीवर 'अ' गिरवतात. शैलानं पहिल्या दिवशी मला हे दोन डबे पुढं ठेवले होते आणि म्हणाली होती, आत्या, आधी हे दोन ओळखायला शिका.

"शैला," मी हाक मारली. "तुला कधी कळलं?"

ती दारात येऊन उभी राहिली. "दसऱ्याला."

"कसं?"

"सलग तीन दिवस चहात मीठ होतं. तुम्ही सगळा प्यालात. मग मी पण प्याले."

"सांगायचं नाहीस?"

"तुम्ही लपवत होता, आत्या. मी कसं सांगणार?"

मी साखर घातली, दोन चमचे.

चव परत यायला आणखी सव्वा वर्ष लागलं. ती आली तो दिवस मला चांगला आठवतो. पहाटे चष्मा सापडत नव्हता, म्हणून अंदाजानं डबा काढून चहा केला. पहिला घोट घेतला आणि थांबले. परत एक घोट घेतला, सावकाश.

"शैला," मी ओरडले, "चहा खारट झालाय."

ती झोपेतून उठून तशीच धावत आली, केस मोकळे. माझ्याकडं बघितलं. माझ्या हातातली बशी घेऊन तिनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"लई खारट," ती म्हणाली, आणि पातेल्यात उरलेला चहा आपल्या कपात ओतून घेऊन माझ्याशेजारी बसली.